दुबळे स्नायू, दुखरे स्नायू

जमिनीवर बसलेले मूल उठू पाहते. आधी पालथे होऊन हात टेकते, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, आणि असे स्वतःच्याच पायांवर हातांनी चढत कसेबसे उभे राहते. लंडनचे न्यूरॉलॉजिस्ट विल्यम गॉवर्स यांनी 1879 साली हे उठणे बारकाईने टिपून ठेवले. त्यांच्यापुढची मुले आनुवंशिक स्नायुविकाराची होती. पण कंबरेचे आणि मांड्यांचे स्नायू कोणत्याही कारणाने खचले, तरी माणूस असाच उठतो. म्हणून स्नायूंच्या दाहाचा संशय आला की डॉक्टर आजही रुग्णाला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगतात.

याच गॉवर्सनी 1904 साली कंबरदुखीवरच्या व्याख्यानात एक तर्क मांडला आणि तो पुढे पाऊणशे वर्षे वैद्यकाच्या मानगुटीवर बसला. स्नायूंतल्या तंतुमय भागाला सूज येते म्हणून अंग दुखते, असे त्यांचे म्हणणे. या दुखण्याला त्यांनी नाव दिले ‘फायब्रोसायटिस’. त्याच वर्षी ग्लासगोच्या राल्फ स्टॉकमन यांनी दुखऱ्या गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सूज दिसल्याचे कळवले. नंतरच्या संशोधकांना ती सापडेना. निदान मात्र बिनदिक्कत होत राहिले.

खरी सूज होती ती वेगळ्याच रुग्णांत, आणि जर्मनीत ती आधीच दिसली होती. 1887 साली हेप, वॅगनर आणि उन्फरिश्ट या तिघांनी अशा रुग्णांची वर्णने छापली. स्नायू सुजलेले, हातापायांतली ताकद गेलेली. डुकराच्या कच्च्या मांसातून येणाऱ्या ट्रायकिना जंतांचा आजार तेव्हा सर्वांना ठाऊक होता, त्यामुळे पहिला संशय जंतांवर. शोधूनही जंत मिळाले नाहीत, तेव्हा हेप यांनी त्याला चक्क ‘खोटा ट्रायकिना रोग’ म्हटले. उन्फरिश्ट यांनी 1891 मध्ये त्वचेवरच्या खुणांशी त्याची सांगड घातली आणि ‘डर्मॅटोमायोसायटिस’ हे नाव रूढ झाले. पापण्यांवर जांभळट छटा, बोटांच्या सांध्यांवर लालसर चट्टे. 1916 पर्यंत यातल्या काहींच्या पोटात किंवा स्तनात कर्करोग लपलेला असल्याच्या नोंदी आल्या. आजही प्रौढ रुग्णात हा आजार दिसला की कर्करोगाचा शोध घ्यावा लागतो, तो त्यामुळेच.

या स्नायुदाहावर उपचार म्हणावा असा काही हाती नव्हता. सप्टेंबर 1948 मध्ये मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन दिले आणि ती काही दिवसांत हिंडूफिरू लागली. 1950 चे नोबेल हेंच यांना आणखी दोन संशोधकांसह मिळाले. लवकरच हे औषध स्नायुदाहातही वापरले जाऊ लागले.

1975 हे साल या इतिहासात मोलाचे. बोहन आणि पीटर यांनी स्नायुदाह ओळखण्याचे पाच निकष बांधले: शरीराच्या मध्याजवळच्या स्नायूंचा दोन्ही बाजूंचा दुबळेपणा, रक्तात वाढलेली स्नायूंची एन्झाइम्स, स्नायूंच्या विद्युत तपासणीतले बदल, बायोप्सी आणि त्वचेवरच्या खुणा. दुखणे या यादीत नाही! अनेक रुग्णांना ते फारसे नसतेच. केस विंचरताना हात वर जात नाही, एसटीची पायरी चढवत नाही, एवढीच तक्रार असते. त्याच वर्षी टोरंटोत मोल्डॉफस्की आणि सहकाऱ्यांनी निरोगी विद्यार्थ्यांची गाढ झोप आवाज करून मोडली. सकाळी त्यांचे अंग ‘फायब्रोसायटिस’च्या रुग्णांसारखे दुखत होते. सूज नसताना!

1976 मध्ये ‘फायब्रोसायटिस’ऐवजी ‘फायब्रोमायल्जिया’ हा शब्द सुचवला तो कॉर्टिसोनवाल्या हेंच यांच्याच मुलाने, फिलिप काहलर हेंच यांनी. बापाच्या औषधाच्याच जातीतल्या प्रेडनिसोन या स्टिरॉइडचा या दुखण्याला उपयोग नाही, हे 1985 च्या चाचणीने दाखवले. 1990 च्या अमेरिकी निकषांत अंगभर दुखणे आणि 18 पैकी 11 ठिकाणी दाबल्यावर वेदना, अशी अट होती. दाब चार किलोचा, म्हणजे दाबणाऱ्याच्या अंगठ्याचे नख पांढरे पडेल इतका. 2010 मध्ये ही दाबादाबी वगळली गेली.

मधल्या काळात या रुग्णांनी खूप सोसले. दुसऱ्या महायुद्धात अंगदुखीच्या सैनिकांना ‘मानसिक संधिवात’ म्हणून बाजूला काढले गेले. घरोघरच्या बायकांना तर तेवढीही दखल मिळाली नाही. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने 1996 पासून भिगवण गावात दारोदार पाहणी केली, तेव्हा सुमारे 18 टक्के प्रौढांना सांधे-स्नायूंच्या तक्रारी आढळल्या. स्नायू व मऊ ऊतींच्या दुखण्याचे रुग्ण आमवाताच्या रुग्णांपेक्षा कितीतरी जास्त होते. स्नायुदाह त्यामानाने फार दुर्मिळ, पण तो या गर्दीत हरवला तर ताकद परत मिळणे अवघड होते.

स्नायुदाहात पूर्वी सक्तीची विश्रांती सांगत. व्यायामाने सूज वाढेल ही भीती होती. स्वीडनमधल्या संशोधकांनी 1990 च्या दशकापासून ती खोडून काढली. आता स्टिरॉइड, मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रिनसोबत बेताबेताने वाढवलेला व्यायामही लिहून दिला जातो. फायब्रोमायल्जियात स्टिरॉइडला जागा नाही. तिथे नियमित चालणे, पुरेशी झोप आणि मज्जासंस्थेवर काम करणारी औषधे यांवर भर असतो.