दोन मापें

घेण्याची पायली मोठी व देण्याची लहान ठेवणारा दुकानदार आमच्या गोष्टींत वारंवार भेटतो, आणि शेवटीं त्याची फजिति होते तेव्हां लहानथोर सर्वांस समाधान वाटतें. परंतु निषेधाच्या व्यवहारांत अशींच दोन मापें वापरणारा मनुष्य भेटला म्हणजे आम्ही त्यास लबाड म्हणत नाहीं. निष्ठावंत म्हणतों, आणि प्रसंगीं देशभक्तही म्हणतों. धान्याच्या मापांत जें पाप, तें मताच्या मापांत पुण्य कसें ठरतें, याचा विचार करण्यास आम्हांस एक लहानसें निमित्त घडलें. त्यांत आमचीही थोडी फजिति आहे. पण ती सांगितल्यावांचून पुढील विवेचनास अर्थ राहणार नाहीं.

गेलीं कित्येक वर्षें आम्ही महाविद्यालयांत महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासाचें अध्यापन करीत आहों. एके दिवशीं नामदार गोखले यांच्या १८९७ सालच्या क्षमायाचनेविषयीं बोलतांना ती त्यांच्या चरित्रांतील दुर्बलतेची घटका होय असें आम्हीं नेहमींप्रमाणें सांगितलें. तोंच आंबेगाव तालुक्यांतील निरगुडसर गांवचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, गेल्या महिन्यांत आपण टिळक-आगरकरांचा कोल्हापूर खटला शिकविलात. त्यांनींही क्षमा मागितली होती. मग तेथें आपण तेज म्हणालांत आणि येथें दुर्बलता म्हणतां, हें कसें?” आम्हीं कांहींसें उत्तर दिलें. तास संपला, पण आपलें उत्तर उत्तर नव्हतें ही जाणीव कांहीं संपली नाहीं.

तो प्रश्न नीट समजण्यासाठीं दोन्ही प्रसंग शेजारीं शेजारीं मांडले पाहिजेत. ‘केसरी’ व ‘मराठा’ हीं पत्रें १८८१ च्या जानेवारींत निघालीं. कोल्हापूरचे अल्पवयी महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होत आहे व त्यास तेथील कारभारी माधवराव बर्वे कारण आहेत, असे आरोप या पत्रांनीं केले. आरोपांस आधार म्हणून जीं पत्रें संपादकांच्या हातीं आलीं होतीं तीं बनावट ठरलीं. टिळक व आगरकर या दोघांनींही क्षमा मागितली. तरीही खटला मागें घेतला गेला नाहीं, व १८८२ च्या जुलै महिन्यांत दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली. ते डोंगरीच्या तुरुंगांतून १०१ दिवसांनीं सुटले तेव्हां लोकांनीं त्यांचें मोठें स्वागत केलें, आणि त्या दिवसांवर आगरकरांनीं लिहिलेलें पुस्तक मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचें आहे.

आतां दुसरा प्रसंग. १८९७ सालीं गोखले वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास विलायतेस गेले होते. पुण्यांत प्लेगचा कहर चालू होता, व रँडसाहेबाच्या हाताखालीं गोरे शिपाई घरोघर झडत्या घेत होते. सोल्जरांनीं दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचें वृत्त गोखल्यांस पुण्याहून पत्रांनीं कळलें. त्यांनीं तें इंग्लंडांत प्रसिद्ध केलें. मुंबई सरकारनें त्याचा साफ इन्कार केला. दरम्यान २२ जूनच्या रात्रीं रँड यांच्यावर गोळी झाडली गेली होती व पुण्याचें वातावरण पार बदललें होतें. गोखले परत आले तेव्हां त्यांच्या मागें उभें राहून पुरावा देण्यास कोणी पुढें येईना. पत्रें लिहिणारांचीं नांवें उघड करणें म्हणजे त्यांस सरकारच्या रोषाच्या तोंडीं देणें होतें. गोखल्यांनीं नांवें उघड केलीं नाहींत. ऑगस्टच्या आरंभीं स्वतःच्या नांवानें क्षमा मागून ते मोकळे झाले. मोकळे झाले हें म्हणण्यापुरतें. त्या क्षमेचा डाग पुढें कित्येक वर्षें त्यांच्या विरोधकांच्या जिभेवर राहिला.

दोन्ही ठिकाणीं सार्वजनिक हिताच्या बुद्धीनें आरोप केला गेला. दोन्ही ठिकाणीं तो दुसऱ्यांनीं पुरविलेल्या कागदांवर विसंबून केला गेला, व दोन्ही ठिकाणीं सिद्ध करतां आला नाहीं. दोन्ही ठिकाणीं क्षमा मागितली गेली. पहिल्यांत तुरुंगवास घडला, दुसऱ्यांत घडला नाहीं, हा भेद आम्हीं त्या विद्यार्थ्यास सांगितला होता. परंतु १८८२ सालचा तुरुंगवास क्षमा मागूनही टळला नाहीं म्हणून घडला. क्षमा न मागण्याच्या बाण्यामुळें घडला नाहीं. तेव्हां हा भेद प्रारब्धाचा आहे, शीलाचा नव्हे. १८९७ सालीं राजद्रोहाच्या खटल्यांत टिळकांनीं क्षमायाचनेचा सल्ला झिडकारला व दीड वर्षाची सक्तमजुरी पत्करली, हें खरें. त्यामुळें त्याच वर्षीं दुसऱ्यानें मागितलेली क्षमा अधिकच खुजी दिसली, हेंही खरें. पण १८९७ चे टिळक १८९७ च्या गोखल्यांशेजारीं उभे करणाऱ्यानें १८८२ चे टिळकही तेथें उभे केले पाहिजेत. आम्हीं ते इतकीं वर्षें केले नव्हते. आम्हीं कांहीं खोटें सांगितलें नव्हतें. दोन खरीं विधानें दोन वेगळ्या तासांना सांगितलीं होतीं, इतकेंच. पक्षपाताला बहुधा असत्याची गरज पडतच नाहीं. त्याला तासांचें अंतर पुरतें.

हा दोष एकाच बाजूचा असता तर त्यावर लिहिण्याचें कारण नव्हतें. १८९१ सालीं संमतिवयाचें बिल मंजूर होऊन वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. त्या वादांत सुधारकांचें म्हणणें असें कीं, बहुमत विरुद्ध आहे एवढ्यानें सत्य खोटें ठरत नाहीं, व अल्पमताचेंही ऐकून घेतलें पाहिजे. पुण्याच्या क्रीडाभुवनांत त्यांची सभा उधळली गेली, तेव्हां त्यांनीं केलेला संताप अगदीं न्याय्य होता. १८९५ सालीं काँग्रेसचें अधिवेशन पुण्यास भरावयाचें ठरलें, व सामाजिक परिषद त्याच मंडपांत भरूं नये म्हणून टिळकांच्या पक्षानें लोकमताचा आधार घेतला. मंडप जाळण्यापर्यंत भाषा गेली. अखेर रानड्यांनीं माघार घेतली व परिषद अन्यत्र भरविली. आतां बारा वर्षें पुढें जाऊं. २७ डिसेंबर १९०७ या दिवशीं सुरतेच्या मंडपांत टिळक व्यासपीठावर हाताची घडी घालून उभे आहेत आणि बोलण्याचा आपला हक्क मागत आहेत. समोर नेमस्त मंडळी बहुमताचा, शिस्तीचा व अध्यक्षाच्या अधिकाराचा हवाला देत आहे. थोड्याच वेळांत एक मराठी जोडा हवेंतून येतो आणि सुरेंद्रनाथ बानर्जी व फेरोजशहा मेहता यांस लागतो. पुढें खुर्च्या व काठ्या. त्यानंतर दोन्ही पक्षांनीं आपापल्या हकीकती प्रसिद्ध केल्या. प्रत्येक हकीकतींत आरंभ दुसऱ्यानेंच केला होता.

म्हणजे १८९१ सालीं ज्यांनीं अल्पमताच्या हक्काचा पुकारा केला, ते १९०७ सालीं बहुमताच्या अधिकाराचा पुकारा करूं लागले; आणि ज्यांनीं १८९५ सालीं बहुमताच्या जोरावर रानड्यांस मंडपाबाहेर घालविलें, ते सुरतेस एका प्रतिनिधीच्या हक्कासाठीं उभे राहिले. तत्त्वें तींच होतीं. तीं वापरणारे हात मात्र बदलले होते.

हा रोग आमच्याच मातींतला आहे असेंही कोणीं समजूं नये. ज्या अमेरिकेच्या लोकसत्तेचे गोडवे आम्ही विद्यार्थिदशेपासून वाचीत आलों, तिच्या बाल्यांतच याचें ठळक उदाहरण सांपडतें. १७९८ सालीं अध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या फेडरलिस्ट पक्षानें सरकारवरील टीका दंडनीय करणारा राजद्रोहाचा कायदा केला. जेफर्सनच्या पक्षानें मुद्रणस्वातंत्र्याच्या नांवानें त्याविरुद्ध आकाश डोक्यावर घेतलें. कॅलेंडर नांवाच्या लेखकास १८०० सालीं ॲडम्सवर लिहिल्याबद्दल तुरुंग मिळाला. जेफर्सननें त्यास पैशाची मदत केली होती, व स्वतः अध्यक्ष होतांच माफीही दिली. पुढें हवी ती नोकरी न मिळाल्यामुळें कॅलेंडर उलटला, आणि १८०२ सालीं त्यानें जेफर्सन व त्यांची गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज यांच्या संबंधाची कथा छापली. काल त्यास हुतात्मा म्हणणारे आज त्यास नीच म्हणूं लागले. काल त्यास कोठडींत घालणारे त्याचा शब्द प्रमाण मानूं लागले. त्याच सुमारास जेफर्सनच्या अनुयायांनीं न्यूयॉर्कांत क्रॉस्वेल नांवाच्या संपादकावर अध्यक्षांच्या बदनामीचा खटला भरला, आणि त्याच्या बचावासाठीं, मुद्रणस्वातंत्र्याची बाजू घेऊन, १८०४ सालीं उभा राहिला तो फेडरलिस्टांचा अग्रणी हॅमिल्टन! त्याच्या युक्तिवादाचें फळ मात्र चांगलें निघालें. लिहिलेली गोष्ट खरी असल्यास तो बचाव धरावा, असा कायदा १८०५ सालीं त्या राज्यांत झाला. पक्ष दुटप्पी असले तरी त्यांच्या तोंडून निघालेलें तत्त्व खोटें असतेंच असें नाहीं. म्हणून प्रतिपक्षाचा दुटप्पीपणा दाखविला म्हणजे त्याच्या म्हणण्याचें खंडन झालें, हीही एक भूलच आहे. आणि अलीकडे ती फार फैलावली आहे. “तेव्हां तुम्ही कोठें होतां?” हा प्रश्न विचारून आजच्या अन्यायाची चौकशी टाळतां येते, हें सर्वच पक्षांस चांगलें उमगलें आहे.

दुटप्पी मनुष्य ढोंग करतो असें आपण समजतों. आमचा अनुभव निराळा आहे. त्याचा संताप बहुधा खरा असतो. डोळे खरोखर लाल होतात, आवाज खरोखर कांपतो. तो खोटा असता तर ओळखण्यास सोपा गेला असता. खोटी असते ती त्या संतापाची निवड. आपल्या माणसाची चूक आपणांस सर्व परिस्थितीसह दिसते, आणि परक्याची चूक परिस्थितीवांचून, नुसती चूक म्हणूनच दिसते.

मग सरळ माप कोणीं वापरलेंच नाहीं काय? या निराशेवर उतारा त्या कोल्हापूर खटल्यांतच आहे. ज्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानें ‘केसरी’ निघाला, त्यांनीं ‘निबंधमालें’त जोतीराव फुल्यांच्या लेखनाची अत्यंत कडवट हेटाळणी केली होती. तें सर्व ताजें असतां, त्याच पत्राच्या संपादकांवर संकट येतांच, फुल्यांनीं आपले स्नेही रामशेठ बापूशेठ उरवणे यांच्याकडून त्यांच्यासाठीं दहा हजार रुपयांचा जामीन मिळवून दिला. मतें बदललीं नव्हतीं. पुढेंही बदललीं नाहींत. परंतु एका संस्थानांतील अन्यायाविरुद्ध लिहिणाऱ्यास एकटें पडूं देऊं नये, हें तत्त्व लिहिणारा कोण हें पाहून त्यांनीं वापरलें नाहीं. दहा हजारांची किंमत तेव्हां काय होती हें सांगावयास नको. संतापाला कांहीं खर्च येत नाहीं. न्यायाला जामीन राहावें लागतें.

टिळकांचेंही मन या बाबतींत कोतें नव्हतें, हें सांगणें आम्ही कर्तव्य समजतों. १८९५ सालीं आगरकर वारले तेव्हां ‘केसरी’त त्यांनीं लिहिलेला मृत्युलेख, आणि १९१५ सालीं सिंहगडावरून उतरून गोखल्यांच्या चितेपाशीं त्यांनीं केलेलें भाषण, हीं दोन्ही त्यांच्या अंतःकरणाचा मोठेपणा दाखवितात. पण सरळ माप हातीं येण्यास प्रतिपक्षी मरावा लागावा, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट नव्हे. फुल्यांनीं तें माप जिवंत माणसांसाठीं वापरलें.

त्यानंतर एकदां त्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून आम्ही निरगुडसरास गेलों. हें श्री. दिलीप वळसे पाटील यांचें गांव. एके काळीं श्री. शरद पवार यांचे स्वीय सहायक असलेले हे गृहस्थ १९९० पासून आंबेगावांतून निवडून येत गेले, व २ जुलै २०२३ रोजीं श्री. अजित पवार यांच्याबरोबर त्यांनींही मंत्रिपदाची शपथ घेतली. पारावर तीच चर्चा निघाली. कोणी तीस दगा म्हणे, कोणी तालुक्याच्या पाण्यासाठीं व कामांसाठीं घेतलेला शहाणा निर्णय म्हणे. त्याचा निवाडा करणें हें आमचें काम नव्हे. विद्यार्थ्याचे आजोबा बराच वेळ ऐकत होते. ते म्हणाले, “१९७८ सालीं वसंतदादांचें मंत्रिमंडळ पडलें आणि शरदराव मुख्यमंत्री झाले, तेव्हांही याच पारावर हेच दोन शब्द होते. माणसें तेवढीं जागा बदलून बसलीं आहेत.” कोणी हसलें, कोणी रागावलें. आजोबांनीं आमच्याकडे वळून विचारलें, “मास्तर, तुमच्या इतिहासांत याला काय म्हणतात?”

आम्हीं त्यांस कोल्हापूरची व प्लेगची, अशा दोन्ही गोष्टी एकाच बैठकींत, एकीला लागून दुसरी, सांगितल्या. वर्गांतही आतां त्या दोन तासांना सांगत नाहीं. गोखल्यांची क्षमा दुर्बल कीं सबल, हें विद्यार्थ्यांनीं आपलें आपण ठरवावें; मात्र जें माप ते एकास लावतील तेंच दुसऱ्यास लावावें, एवढीच अट आम्ही घालतों. पहिल्या वर्षीं या अटीवर वर्गांत मोठें भांडण झालें. प्रश्न विचारणारा तो मुलगा त्या दिवशीं शेवटच्या बाकावर गप्प बसून होता, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहण्यास आम्हांस किंचित संकोच वाटत होता.