भरतीचा अर्ज आणि युद्धविरोधी संप

सैनिक आणि डावी चळवळ यांचा संबंध महाड परिसरात शोधायचा, तर सुरुवात युद्धविरोधी पत्रकापासून होत नाही. ती भरतीच्या अर्जापासून होते. अर्ज गोपाळबाबा वलंगकरांचा. महाडजवळच्या रावढळचे हे हवालदार १८८६ साली लष्करातून निवृत्त झाले आणि १८८८ साली त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली. पुढे लष्कराने ‘लढाऊ जातीं’चं धोरण धरून महारांना दार बंद केलं, तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी सरसेनापतींना उद्देशून विनंतीपत्र तयार केलं. मागणी एकच : आमची भरती पुन्हा सुरू करा. या मागणीला आधार होता : कोरेगावच्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने पडलेल्यांच्या स्तंभावर कोरलेल्या ४९ मृतांपैकी २२ महार आहेत, त्यांची नावं ‘नाक’ने संपतात. म्हणजे वलंगकर भीक मागत नव्हते, ते हक्क सांगत होते.

१९१७ साली पहिल्या महायुद्धात गरज पडली तशी १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध सरलं आणि १९२१ साली तीही मोडली. गरज होती तोवर सैनिक, नंतर पुन्हा अस्पृश्य.

१९ मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकर याच जखमेवर बोलले. त्यांचे वडील रामजी सुभेदार, लष्करी शाळेत मुख्याध्यापक. त्यामुळे पलटणीतल्या सक्तीच्या शिक्षणाने कोकणातल्या घराघरांत काय बदललं, हे त्यांनी लहानपणीच पाहिलं होतं. ज्यांच्या मदतीने इंग्रजांचं राज्य उभं राहिलं, त्यांनाच भरतीबंदी करणं हा विश्वासघात आहे, असा त्या भाषणाचा रोख होता. मात्र सरकारकडे नुसती दाद मागून ते थांबले नाहीत; शेतीकडे वळा, जंगलजमिनी मिळवा, असंही त्यांनी सांगितलं. समोर लष्करी पेन्शनर बसलेले होते. आणि परिषदेला प्यायचं पाणी गावातून चाळीस रुपये मोजून विकत घ्यावं लागलं होतं. ब्रिटिश सरकारसाठी समुद्रापार लढून आलेल्या लोकांच्या परिषदेचा हा खर्च आहे, हे ध्यानात ठेवून तो आकडा वाचावा.

दुसऱ्या दिवशी अस्पृश्यांना बंद असलेल्या चवदार तळ्यावर परिषदेच्या मंडळींनी पाणी प्यायल्यानंतर त्यांच्यावर सवर्णांचा हल्ला झाला. बाबासाहेबांनी उलट हात उचलू दिला नाही, आणि लोकांनी ते पाळलं. डिसेंबरात तळ्यावरच्या सत्याग्रहासाठी पुन्हा परिषद भरली, तेव्हाही हीच शिस्त दिसली. ‘पद्मावती’ बोटीने मंडळी दासगाव बंदराला उतरली, २५ तारखेच्या रात्री मनुस्मृती जाळली, पण कोर्टाचा मनाईहुकूम असल्याने सत्याग्रह तहकूब ठेवून तळ्याभोवती नुसती मिरवणूक काढली. माझ्या मते या शिस्तीत पलटणीच्या सवयीचा वाटा मोठा आहे.

मार्चच्या परिषदेच्या खटपटीत अग्रभागी होते रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म १९०३, आजोळ लाडवली, घर दासगाव. १९३० च्या सुमारास ते कम्युनिस्ट पक्षात आले आणि मुंबईच्या गिरणगावात कामाला लागले. इथे आपली गोष्ट दुभंगते. दुसरं महायुद्ध सुरू होताच, २ ऑक्टोबर १९३९ ला कम्युनिस्टांच्या पुढाकाराने मुंबईत युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. सुमारे नव्वद हजार कामगार त्यात उतरले. गिरण्यांत कोकणची माणसं भरपूर होती. तर १९४१ च्या जुलैत संरक्षण सल्लागार मंडळावर आलेल्या बाबासाहेबांनी महारांच्या भरतीचा आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

साम्राज्यशाहीचं युद्ध लढू नका, ही हाक मला पटते. पण १८९४ चा अर्ज वाचल्यावर एक गोष्ट मानावीच लागते : ज्याच्यासाठी शाळा, पगार, पेन्शन आणि मान ही चारही दारं एकाच पलटणीतून उघडत होती, त्याला ‘भरती होऊ नकोस’ म्हणणाऱ्याने दुसरं कोणतं दार दाखवायचं? महाडच्या परिषदेने निदान जमिनीचं नाव तरी घेतलं होतं.

पक्षाची भूमिकाही टिकली नाही. जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि वर्षअखेर पक्षाने त्याच युद्धाला लोकयुद्ध म्हटलं. जुलै १९४२ मध्ये सरकारने पक्षावर घातलेली बंदी उठली. मोऱ्यांनी पक्ष सोडला नाही, आंबेडकरांशी नातंही तोडलं नाही. १९६५ मध्ये ‘जीवनमार्ग’ साप्ताहिक सुरू झालं ते त्यांच्याच संपादकत्वाखाली.