सातबाऱ्यावरचे ‘अ.पा.क.’ : वारसा आणि पालकत्वाचा इतिहास

मंडळी, वाशी तालुक्यातले जुने सातबारे चाळायला घेतले तर काही नावांपुढे दोन शेरे दिसतील. एक ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. दुसरा ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालन कर्ता. दोन्हींत गंमत एकच आहे. जमीन ज्यांची, ते वेगळे. त्यांच्या वतीने बोलणारा वेगळा. मृत्युपत्र, प्रोबेट आणि पालकत्व हे आजचे तीन विषय आम्ही या दोन शेऱ्यांच्याच वाटेने मांडणार आहोत.

आधी पहिला शेरा. उमरग्याच्या पलीकडे बसवकल्याण आहे ना, तेच चालुक्यांचे कल्याणी. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने तिथे याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वाद मोठा नाजूक होता. मुलाची मालकी कधी सुरू होते, बाप गेल्यावर की मूल जन्मल्यावर? बंगालचा जीमूतवाहन म्हणतो, बाप गेल्यावर. विज्ञानेश्वर म्हणतो, जन्मल्याबरोबर. आणि मालकी ही शास्त्रवचनातून नव्हे, लोकव्यवहारातून ठरते, असेही त्याने मांडले. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना त्याचे हे धाडस फार आवडते.

आता परिणाम बघा. हिस्सा जन्मानेच मिळत असेल, तर मरणाऱ्याने लिहून ठेवायचे काय? एक भाऊ निपुत्रिक गेला की त्याचा हिस्सा उरलेल्या भावांत मुरायचा. विधवेला पोटगी, मुलीला लग्नाचा खर्च. म्हणून आपल्याकडे मृत्युपत्राची सवय रुजली नाही. कारभार कर्त्याच्या हाती राहिला, आणि महसुली कागदावर तो ‘ए.कु.मॅ.’ झाला.

मृत्युपत्राला कायद्याची चौकट इंग्रजांनी दिली. १८७० चा हिंदू मृत्युपत्र कायदा बंगालला आणि मुंबई-मद्रास या शहरांना लागू झाला. तिथे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा शिक्का, सक्तीचे झाले. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ती रेषा तशीच ठेवली. वाशी तेव्हा निजामाच्या राज्यात. पुढे महाराष्ट्रात आली तरी ती रेषेबाहेरच राहिली. म्हणून इथल्या शेतीच्या मृत्युपत्राला प्रोबेट कधी सक्तीचे नव्हते. मुंबईत खोली असेल तरच तो प्रश्न यायचा. २०२५ च्या अखेरीस संसदेने ते सक्तीचे कलमच काढून टाकले. वाद असेल तर प्रोबेट आजही मागता येते, बरं का.

आपल्याकडचा खरा बदल १९५६ चा. १७ जूनला हिंदू वारसा कायदा आला, तेव्हा हा जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. १ नोव्हेंबरला तो मुंबई राज्यात गेला. या कायद्याने एकत्र कुटुंबातल्या स्वतःच्या हिश्श्याचेही मृत्युपत्र करण्याची मुभा दिली. विधवा, आई आणि मुलगी वारस ठरल्या. मुलीला जन्मतः हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. आणि त्यासाठी २००५ साली बाप हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मुस्लिम कुटुंबांत नियम निराळा: वारसांच्या संमतीवाचून वसीयत एक-तृतीयांशापुरतीच चालते.

आता दुसरा शेरा. मराठी माणसाला सर्वांत ठाऊक असलेला अज्ञान वारस म्हणजे सवाई माधवराव. जन्म १८ एप्रिल १७७४, पुरंदरावर. बाप नारायणराव आधीच मारला गेलेला. जवळचा वडीलधारा पुरुष म्हणजे राघोबादादा, नात्याने चुलत आजोबा. पण मूल बाजूला झाले तर गादी त्याचीच. बारभाईंनी कारभार त्याच्या हाती दिला नाही. ज्याचा हक्क मुलाच्या हक्काच्या आड येतो, त्याला एकट्याला पालक करू नये, हा धडा पेशवाईपुरता नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातले सास्तूर उद्ध्वस्त केले. भारतीय जैन संघटनेने तिकडची सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. पण आई-बाप गेलेल्या मुलाच्या शिक्षणाची सोय झाली, तरी त्याच्या जमिनीसाठी सही कोण करणार, हा प्रश्न उरतोच. कर्जापायी शेतकरी जीव देतो त्या घरातही तो उभा असतो. आई असते, पण कागद दिराच्या हातात.

कायदा काय म्हणतो? १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आधी बाप, त्याच्या ‘नंतर’ आई. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ‘नंतर’चा अर्थ ‘गैरहजेरीत’ असाही लावला. काका आपोआप पालक होत नाही. मुलाच्या स्वतंत्र मालकीची जमीन आई-बापालाही कोर्टाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. विकलीच तर सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत मूल ते खत रद्द करून मागू शकते. एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्श्याला मात्र ही ढाल मिळत नाही. तिथे कर्ता कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी विकू शकतो. म्हणजे दोन शेऱ्यांतल्या फरकावर मुलाची जमीन टिकते किंवा जाते.

तेव्हा करायचे काय? मृत्युपत्र साध्या कागदावर चालते. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी ऐच्छिक, साक्षीदार मात्र दोन हवेत. त्यात जमिनीबरोबर मुलांचा पालकही नेमा. बँकेतल्या नॉमिनीला मालक समजू नका. पैसे त्याच्या हाती येतात, हक्क वारसांचा असतो. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्या. वारस अज्ञान असेल तर ती पालकाने द्यायची. आणि मूल अठरा वर्षांचे झाले की अर्ज देऊन ‘अ.पा.क.’ काढून घ्या. तो शेरा आपोआप जात नाही.

विज्ञानेश्वराच्या मते मालकी लोकव्यवहारातून ठरते. मग लहान मुलाच्या वतीने कोणी बोलायचे, हा व्यवहार घरातली माणसे धडधाकट असतानाच ठरवलेला बरा.