उखडलेला रस्ता जातो कुठे?

आपल्या केळापूरजवळून जाणारा नागपूर-हैदराबाद हायवे आधी एनएच ७ होता, आता एनएच ४४ आहे. नंबर बदलला, पण आपल्या रस्त्यांची जुनी सवय तीच: खराब झाला की वर नवा थर. असे थर चढत गेले की घरांचे उंबरे खाली जातात आणि पावसाचं पाणी आत शिरतं.

जून २०२२ मध्ये शेजारच्या अमरावती-अकोला मार्गावर ७५ किमीची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत झाली. गिनीज रेकॉर्ड! माल लागला ३६,६३४ टन, त्यात डांबर फक्त २,०७० टन. बाकी सगळी खडी, म्हणजे फोडलेला डोंगर.

१९७३ च्या तेलसंकटात डांबर महागलं, तेव्हा अमेरिकेत जुना थर खरवडून परत वापरण्याला जोर आला. डांबर तापवलं की पुन्हा मऊ होतं; वयानं कडक झालेलं असेल तर थोडं ताजं मिसळायचं. खडी तर तशीच कामाला येते. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसनं यासाठी २०१५ मध्ये आयआरसी १२० ही नियमावली काढली.

म्हणजे कोड लिहून तयार आहे, फक्त रन करायचाय. तुमच्या गावात रस्ता उखडला, तर एकच विचारा: हा माल चाललाय कुठे?