एका तासाचे स्वातंत्र्य

दिवाळीच्या अंकात एका नवऱ्याच्या मृत्यूची गोष्ट सांगायला बसावे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. पण वाचकहो, चिंता नको. या गोष्टीतला नवरा अखेर सुखरूप घरी येतो. मरते ती त्याची बायको. आणि तीही एकशे तीस वर्षांपूर्वी, दूर अमेरिकेत.

गोष्ट केट शोपँ या लेखिकेची. १९ एप्रिल १८९४ रोजी तिने ती लिहिली. ‘सेंच्युरी’ या वजनदार मासिकाने ती नाकारली आणि त्याच वर्षीच्या ६ डिसेंबरला ती ‘व्होग’मध्ये ‘एका तासाचे स्वप्न’ अशा अर्थाच्या नावाने छापून आली. पुढे ‘एका तासाची गोष्ट’ या नावाने ती सर्वत्र पोचली. फराळाचे ताट संपायच्या आत वाचून होईल एवढीच ती आहे. परंतु तिच्या पोटात एका आख्ख्या शतकाचा विवाहाचा इतिहास आहे.

लुईज मॅलार्ड या बाईचे हृदय नाजूक. आगगाडीला अपघात झाला आणि मृतांच्या यादीत नवऱ्याचे नाव पहिले आहे, ही बातमी बहीण जोसेफिन तिला जपून, आडवळणाने सांगते. लुईज तिथेच बहिणीच्या कुशीत हमसून रडते. मग ती एकटी आपल्या खोलीत जाते, दार लावून घेते आणि उघड्या खिडकीसमोरच्या खुर्चीत बसते. बाहेर वसंत ऋतू आहे, नुकता पाऊस पडून गेला आहे, चिमण्या चिवचिवत आहेत. आणि त्या खिडकीतून काहीतरी हळूहळू तिच्याकडे येऊ लागते. ती ते परतवून लावू पाहते, पण ते तिला गाठतेच. आपण आता मोकळ्या झालो, हीच ती जाणीव. पुढची वर्षे आता तिची स्वतःची! आयुष्य लांबू नये असे कालपर्यंत वाटणारी ही बाई दीर्घायुष्य मागू लागते. ती ताठ मानेने जिना उतरते, तोच दार उघडून नवरा आत येतो. तो अपघाताच्या जागी नव्हताच. त्याला अपघाताची वार्ताही नव्हती. लुईज जागीच कोसळते. आनंदाने हृदय थांबले, असे डॉक्टर सांगतात.

मी शाळेत शिकवते. मोठ्या मुलामुलींना ही गोष्ट सांगितली की एक प्रश्न हमखास येतो : “बाई, नवरा दुष्ट होता का?” नव्हता. हीच तर या गोष्टीची खुबी आहे. तो तिच्याकडे नेहमी प्रेमानेच पाही, हे लेखिका स्वच्छ सांगते. मी स्वतः कादंबऱ्या लिहिते, म्हणून मला ठाऊक आहे की नवऱ्याला दारूडा किंवा मारकुटा केला की लेखकाचे काम फार सोपे होते. वाचक चटकन रडतो आणि दोष एका माणसावर टाकून मोकळा होतो. केट शोपँने ही सोपी वाट घेतली नाही. माणूस भला असताना बायकोला असे का वाटावे, हे तिने वाचकाला विचारायला लावले.

याचे उत्तर तत्कालीन कायद्यात सापडते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी इंग्रजी कायद्याची परंपरा उचलली होती. ब्लॅकस्टन या कायदेपंडिताने अठराव्या शतकात तिचे सूत्र मांडून ठेवले होते. विवाहानंतर पतिपत्नी ही कायद्याच्या दृष्टीने एकच व्यक्ती, आणि बायकोचे वेगळे अस्तित्व तेवढ्या काळापुरते स्थगित! तिचा पैसाअडका आणि मजुरी नवऱ्याची; स्वतःच्या नावाने करार करण्याची किंवा दावा लावण्याची तिला मुभा नाही. मिसिसिपी राज्याने १८३९ मध्ये आणि न्यूयॉर्कने १८४८ मध्ये विवाहित स्त्रीच्या मालमत्तेबद्दल कायदे केले. मग एकेक राज्य सुधारत गेले. पण अविवाहित स्त्रीला आणि विधवेला हे हक्क आधीपासून होते. म्हणजे नवरा गेला की बाई कायद्यापुढे पुन्हा ‘माणूस’ होई. लुईजला खिडकीपाशी जे जाणवले, ते कायद्याच्या पुस्तकात कोरड्या शब्दांत लिहिलेलेच होते.

त्या पाचसहा वर्षांत तिकडच्या आणखी दोघी लेखिका हीच गाठ सोडवत होत्या. मेरी विल्किन्स फ्रीमन हिच्या १८९० च्या ‘आईचे बंड’ या कथेत नवऱ्याने चाळीस वर्षांपूर्वी घर बांधून देण्याचे वचन दिलेले असते. त्या जागेवर तो नवा थोरला गोठा बांधतो. तो परगावी गेल्याची संधी साधून बायको चूलबोळक्यांसह सारा संसार गोठ्यात हलवते! शार्लट पर्किन्स गिलमन हिच्या १८९२ च्या ‘पिवळा भिंतकागद’ या कथेत नवरा डॉक्टर असतो. तो बायकोला प्रेमाने विश्रांती घ्यायला लावतो आणि लेखणीला हात लावू देत नाही. माडीवरच्या खोलीत भिंतीच्या नक्षीकडे पाहता पाहता ती भ्रमिष्ट होते. गिलमनने अशी सक्तीची विश्रांती १८८७ मध्ये स्वतः भोगली होती. या नवऱ्यांपैकी एकही खलपुरुष नाही. ते मायाही करतात. फक्त बायकोला विचारत नाहीत.

केट शोपँचे स्वतःचे आयुष्यही ध्यानात घेण्याजोगे आहे. ती पाच वर्षांची असताना, १८५५ मध्ये, तिचे वडील आगगाडीखालचा पूल कोसळून गेले. आई, आजी, पणजी अशा विधवांच्या घरात ती वाढली. १८८२ च्या डिसेंबरात तिचा पती तापाने वारला; पदरात सहा मुले आणि डोक्यावर कर्ज. लुइझियानातल्या लहानशा गावी वर्षभराहून अधिक काळ तिने दुकान आणि शेती सांभाळली, मग ती सेंट लुइसला माहेरी परतली आणि तिथे लिहू लागली. ही कथा लिहिल्यावर महिन्याभराने तिने रोजनिशीत नोंद केली आहे. पती आणि आई परत येणार असतील, तर त्यानंतर मिळालेले सगळे आपण खुशाल सोडून देऊ, असे ती म्हणते. पण लगेच पुढे म्हणते की त्यासाठी गेल्या दहा वर्षांतली आपली खरी वाढ विसरावी लागेल. नवऱ्यावर जीव होता आणि मोकळेपणाने वाढही झाली होती, दोन्ही खरे.

आता आपल्याकडे वळू. १८९० साली पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक निघाले आणि त्यातून हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. त्यातल्या यमूचा नवरा रघुनाथही भला; तो तिला लिहायला-वाचायला शिकवतो. पण तो जातो आणि यमूवर आकाश कोसळते. सासरची माणसे बळजबरीने तिचे केशवपन करतात. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता; परंतु पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क त्याच कायद्याने जाई.

तिकडे नवरा गेल्यावर दार उघडते, इकडे नवरा गेल्यावर दार बंद होते. वरवर पाहता ही दोन टोके. पण दाराची किल्ली दोन्हीकडे नवऱ्याच्याच कनवटीला! लुईज आणि यमू, दोघींचेही स्वातंत्र्य तो आहे की नाही यावर टांगलेले.

या दोन जगांना जोडणारी एक मराठी बाई त्याच काळात अमेरिकेत होती. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या. हिंदू विधवांच्या दुःखावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये तिथेच निघाले. ते वाचून अमेरिकन स्त्रिया हळहळल्या. बोस्टनला मंडळ स्थापन झाले आणि त्या मदतीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. त्याच वर्षी रमाबाईंनी मराठीत अमेरिकेवर पुस्तक लिहिले आणि तिथल्या स्त्रियांच्या स्थितीला एक स्वतंत्र प्रकरण दिले. त्या स्त्रियांना देशभर मतदानाचा हक्क मिळायला मात्र १९२० साल उजाडावे लागले.

आपल्याकडे १९५६ च्या वारसा कायद्याने हिंदू स्त्री आपल्या मालमत्तेची पूर्ण मालकीण झाली. कायद्याची किल्ली पुष्कळशी तिच्या हाती आली. उरले ते रोजचे, लहानसहान. पगार कुठे ठेवायचा, माहेरी केव्हा जायचे, नोकरी धरायची की सोडायची, हे घरात कोण ठरवते? परवा पाडव्याला तबक हाती घेऊन आपण नवऱ्यांना ओवाळू, त्यांना उदंड आयुष्य मागू. ते मनापासूनच मागायचे आहे. ओवाळणी हाती पडल्यावर हा प्रश्नही हसत हसत विचारावा. माणूस भला असेल तर तो रागावणार नाही; आणि त्याच्या जिवंतपणीच, त्याच्या शेजारी बसून, ती खिडकी उघडता येईल.