दोन देशांची एक तारीख : मॉरिशसचा १२ मार्च

स्वातंत्र्यदिन म्हणजे राष्ट्राचा अगदी घरचा सण, अशी आपली एक रूढ समजूत आहे. ध्वज आपला, गीत आपले, हुतात्मे आपले आणि तारीखही आपलीच. ही समजूत भाबडी म्हणून सोडून देता येत नाही, कारण तिच्यात भावनेचे सत्य आहे. इतिहासाच्या कसोटीवर मात्र ती पुरती उतरत नाही. आपल्या १५ ऑगस्टचेच पाहा. माउंटबॅटन यांनी पुढे स्वतःच सांगितल्याप्रमाणे, जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षे पूर्ण होत होती म्हणून त्यांनी ही तारीख उच्चारली. दोन्ही कोरियांत हाच दिवस जपानी सत्तेपासूनच्या मुक्तीचा दिवस म्हणून पाळला जातो. आपल्या घरच्या सणाचा मुहूर्त असा महायुद्धाच्या पंचांगातून निघालेला आहे.

व्यापार, कर्ज, स्थलांतर, संदेशवहन या सर्वांनी देश एकमेकांत इतके गुंतले असताना स्वातंत्र्याचा उत्सव नेमका कशाचा करायचा, असा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. आमच्या वर्गांतूनही तो अधूनमधून निघतो. त्याचे उत्तर तत्त्वचर्चेत शोधण्यापेक्षा एका छोट्या देशाच्या इतिहासात शोधावे, असे आम्हांस वाटते. हा देश म्हणजे मॉरिशस. त्याचा स्वातंत्र्यदिन १२ मार्च. गांधीजी ७८ सत्याग्रहींसह साबरमतीहून दांडीकडे निघाले ती तारीख १२ मार्च १९३०. मॉरिशस स्वतंत्र झाला ती १२ मार्च १९६८. हा योगायोग नाही. दांडीयात्रेचे स्मरण म्हणून ही तारीख निवडली गेली, आणि त्या निवडीमागे स्वातंत्र्यलढ्याचे नेते व पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम होते. एका राष्ट्राने आपल्या जन्माची तारीख दुसऱ्या राष्ट्राच्या स्मृतीतून उचलावी, ही गोष्ट थांबून विचार करण्याजोगी आहे.

मॉरिशसला मूळ रहिवासी नाहीत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच तेथे उतरले, १७१० मध्ये निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले गेले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली, तेव्हा नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांच्या पदरी काही पडले नाही. उसाच्या मळ्यांना मजूर हवेच होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ हे जहाज ३६ हिंदी मजुरांना घेऊन पोर्ट लुईच्या बंदरात आले होते. तेथून पुढच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे करारावर या बेटावर आणली गेली. बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून आणि थोडी मुंबईहून. या मुंबईच्या वाटेने गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसे होती. त्यांच्या वंशजांनी गणेशचतुर्थी आणि कोकणातल्या जाखडीचा नाच टिकवून धरला. गणेशचतुर्थीला आज त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

या बेटावरचे प्रत्येकजण कोठून ना कोठून आलेले आहे, आणि बहुसंख्य स्वखुशीने आलेले नाहीत. ‘जग जवळ आले’ हे वाक्य आपण विसाव्या शतकाच्या अखेरीचे मानतो. मॉरिशसच्या वाट्याला ते जवळ येणे दोनशे वर्षे आधी आले, ते जहाजाच्या तळघरातून. स्वातंत्र्य येण्यापूर्वीच हा समाज जगाशी जोडलेला होता. त्या जोडणीचे दोर मात्र त्याच्या हाती नव्हते. आमच्या विवेचनाचे सूत्र येथेच आहे.

१९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून मायदेशी येताना गांधीजींची बोट मॉरिशसला थांबली आणि त्यांचा तेथे सुमारे तीन आठवडे मुक्काम घडला. मुलांना शिकवा आणि सार्वजनिक कारभारात भाग घ्या, असे त्यांनी तेथील हिंदी लोकांना सांगितले. पुढे १९०७ मध्ये त्यांच्याच सूचनेवरून बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तेथे गेले. मजुरांचे खटले त्यांनी चालविले आणि १९०९ मध्ये ‘हिंदुस्थानी’ हे पत्र काढले. तीन आठवड्यांच्या मुक्कामाने देश स्वतंत्र होत नाही, हे उघड आहे. पण वरून ठरवून दिलेल्या संबंधांच्या जाळ्यात हा एक निराळा धागा होता. तो कोणत्याही मळेवाल्याने वा वसाहतीच्या सचिवाने विणलेला नव्हता.

साहित्याच्या अभ्यासकांनी आवर्जून पाहावे असे प्रकरण १९४८ च्या निवडणुकीचे आहे. तोवर मताचा अधिकार मूठभर मालमत्ताधारकांपुरता होता. मतदार बारा हजारांच्या आसपास. १९४७ च्या नव्या राज्यघटनेने साक्षरतेची अट ठेवली, पण ती इंग्रजी-फ्रेंचपुरती ठेवली नाही. हिंदुस्थानी, तमिळ, तेलुगू, उर्दू, चिनी, क्रेओल यांसारख्या भाषांतही साधे लिहिता-वाचता आले की मत मिळणार होते. वासुदेव विष्णुदयाल यांच्या स्वयंसेवकांनी गावोगावच्या ‘बैठकां’तून रात्री मळ्यांवरच्या मजुरांना अक्षरओळख करून दिली. मतदारसंख्या सत्तर हजारांच्या वर गेली आणि कायदेमंडळाचा चेहरा बदलला. ज्या भाषांना मळ्याच्या कचेरीत किंमत नव्हती, त्यांतल्या चार ओळी लिहिता येणे हेच नागरिकत्वाचे प्रमाणपत्र ठरले. भाषा आणि सत्ता यांच्या नात्यावर आपण वर्गात बरेच बोलतो. इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच हाती लागते.

येथवरची कथा उत्सवाला साजेशी आहे. यापुढची तशी नाही. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत प्रश्न सरळ होता : स्वातंत्र्य हवे की ब्रिटनशी जोडलेले राहायचे? रामगुलाम यांच्या नेतृत्वाखालील आघाडीला ६२ पैकी ३९ जागा मिळाल्या, गाएताँ द्युव्हाल यांच्या पक्षाला २३. जागांचे अंतर मोठे दिसते. मतांचे तसे नव्हते. सुमारे ४४ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याच्या विरोधी पक्षाला मते दिली होती. त्यांत क्रेओल समाज मोठ्या संख्येने होता. स्वातंत्र्य म्हणजे बहुसंख्य हिंदूंचे राज्य, ही त्यांची भीती होती. तिला अफवा म्हणणे सोपे आहे. पण ज्यांच्या पूर्वजांना एकदा मुक्ती मिळाली आणि हाती काहीच आले नाही, त्यांनी दुसऱ्या मुक्तीकडे संशयाने पाहावे, यात नवल वाटायला नको. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत दंगल उसळली, वीसहून अधिक माणसे मेली, आणीबाणी पुकारावी लागली आणि ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले. राजघराण्याच्या प्रतिनिधी म्हणून येणाऱ्या राजकन्येचा दौराही रद्द झाला. १२ मार्चला दुपारी ‘शाँ द मार्स’ या घोडशर्यतीच्या मैदानावर युनियन जॅक उतरला आणि तांबडा-निळा-पिवळा-हिरवा असा चार पट्ट्यांचा ध्वज चढला. त्याच दिवशी ब्रिटनशी संरक्षणविषयक करारावर सह्या झाल्या. राष्ट्रगीत इंग्रजीत, बोधवाक्य लॅटिनमध्ये, आणि मैदानावर जमलेल्या बहुतेकांची रोजची भाषा क्रेओल.

अशा दिवसाला स्वातंत्र्य म्हणावे काय, असा उपहास करता येतो. व्ही. एस. नायपॉल यांनी १९७२ च्या आपल्या मॉरिशसवरील निबंधाला ‘द ओव्हरक्राउडेड बॅराकून’ असे नाव दिले. बॅराकून म्हणजे गुलामांना जहाजावर चढवण्यापूर्वी कोंडून ठेवण्याची कोठडी. नायपॉल स्वतः त्रिनिदादला नेलेल्या अशाच मजुरांच्या घराण्यातले, त्यामुळे त्यांच्या कठोरपणाला आतल्या माणसाची धार आहे. त्याआधी १९६१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनीही बेटाचे भवितव्य निराशाजनक असल्याचे सांगितले होते : लोकसंख्या फार, पीक एकच. निर्यातीचा जवळजवळ सारा भार उसावर होता.

पुढे घडले ते मात्र निराळे. १९७५ च्या लोमे करारात मॉरिशसने युरोपच्या बाजारात वर्षाला सुमारे पाच लाख टन साखरेची हमी आणि ठरावीक भाव मिळविला. ही व्यवस्था २००९ पर्यंत चालली. तिच्या आधाराने कापड-उद्योग उभा राहिला, मग पर्यटन, मग वित्तव्यवहार. जी साखर गुलामीचे कारण होती, तीच आता वाटाघाटीच्या मेजावर मॉरिशसचे बळ ठरली. मेजावर बसण्याचा अधिकार १२ मार्चने दिला होता. परावलंबन संपले नाही. पण कोणाशी, कोणत्या अटींवर बांधून घ्यायचे याविषयी बोलण्याची सोय झाली. आमच्या मते लहान राष्ट्राच्या स्वातंत्र्याचा व्यवहारातला अर्थ हाच आहे.

जेथे ही सोय नव्हती तेथे काय झाले, हे चागोस बेटांनी दाखविले. नोव्हेंबर १९६५ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असतानाच, ब्रिटनने हा द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडून घेतला आणि त्यातील दिएगो गार्सिया अमेरिकेच्या लष्करी तळासाठी दिले. भरपाई ठरली तीस लाख पौंड. १९६८ ते १९७३ या काळात तेथील सर्व रहिवाशांना हलवून मॉरिशस आणि सेशेल्सच्या किनाऱ्यावर सोडण्यात आले. पोर्ट लुईत ध्वज चढत असताना याच देशाची काही माणसे बेघर होत होती. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले, की १९६८ मध्ये मॉरिशसचे निर्वसाहतीकरण कायदेशीररीत्या पूर्ण झालेलेच नव्हते. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात करार झाला. त्यात चागोसवर मॉरिशसचे सार्वभौमत्व मान्य करून दिएगो गार्सियाचा ताबा ९९ वर्षे ब्रिटनकडे ठेवण्याचे ठरले. आम्हांला कोणी विचारले का, हा चागोसवासीयांपैकी अनेकांचा प्रश्न या करारानंतरही उभाच राहिला. ज्या मॉरिशसला १९६५ मध्ये मोकळेपणाने नाही म्हणता आले नव्हते, त्याच्याकडेही आता हा प्रश्न वळला आहे.

घरातली मांडणीही सोपी राहिली नाही. १९९८ मध्ये नव्या नोटांवर तमिळ मजकूर हिंदीच्या खाली छापला गेला. तमिळ समाजाने हरकत घेतली आणि नोटा परत घ्याव्या लागल्या. सर्वांच्या तोंडची क्रेओल भाषा प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून आली ती २०१२ मध्ये, स्वातंत्र्यानंतर ४४ वर्षांनी. तेलुगू वंशाचे नाटककार देव विरासामी यांनी हयातभर क्रेओलमध्ये लिहिले आणि शेक्सपिअरचे ‘टेम्पेस्ट’ ‘तूफान’ या नावाने त्या भाषेत नव्याने रचले. अभिमन्यु अनत यांनी ‘लाल पसीना’ (१९७७) ही मजुरांची महाकादंबरी हिंदीत लिहिली. दोघेही आपल्या देशाचेच लेखक. त्यांतला अधिक मॉरिशसचा कोण, हा प्रश्न तेथे अजून विचारला जातो आणि त्याला एकच उत्तर नाही. १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर या दोन्ही दिवशी देशाला सुट्टी असते. मजुरांच्या आगमनाचा आप्रवासी घाट २००६ मध्ये आणि पळालेल्या गुलामांचा आसरा असलेला ल मोर्न डोंगर २००८ मध्ये जागतिक वारसा ठरला. या दोन स्मृतींच्या मध्ये १२ मार्च उभा आहे. तो सर्वांचा व्हावा यासाठी झटणे हाच त्या उत्सवाचा खरा आशय होय.

आता थोडे आपल्याकडे. १२ मार्च २०२१ रोजी भारताने स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचा आरंभ साबरमतीहून केला. २०१५ आणि २०२५ मध्ये भारताचे पंतप्रधान, तर २०१८ आणि २०२४ मध्ये राष्ट्रपती मॉरिशसच्या सोहळ्यात प्रमुख पाहुणे होते. अशा वेळी आपल्या वृत्तपत्रांतून ‘छोटा भारत’ हा शब्द हटकून येतो, आणि मराठी लेखांतून ‘सातासमुद्रापलीकडचे आपले मराठी बांधव’. त्यामागचा जिव्हाळा आम्ही नाकारीत नाही. परंतु जे राष्ट्र ‘दुसऱ्याचा छोटा तुकडा’ म्हणून वावरण्यातून सुटण्यासाठी झगडले, त्याला प्रेमाने का होईना पुन्हा तुकडाच म्हणणे उचित नाही. शिवाय त्या संबोधनात क्रेओल, चिनी, फ्रेंच वंशाच्या मॉरिशसवासीयांना जागा उरत नाही. १९६७ च्या त्या ४४ टक्क्यांची भीती आपणच नकळत खरी ठरवितो.

दांडीची तारीख मॉरिशसने घेतली, ती आपण दिलेली नव्हती. घेणाऱ्याने घेतली आणि तिच्यात स्वतःचा अर्थ भरला : साखरेच्या बेटाने मिठाच्या यात्रेतून घेतलेला. आता ती तारीख जितकी आपली आहे तितकीच तेथील जाखडी नाचणाऱ्या मराठी कुटुंबाची आहे, आणि ल मोर्नच्या पायथ्याशी राहणाऱ्या क्रेओल मच्छिमाराचीही. पुढच्या १२ मार्चला आपल्या वर्गात दांडीयात्रेवर बोलताना शाँ द मार्सवरच्या त्या दुपारचा आणि चागोसहून निघालेल्या बोटींचाही उल्लेख व्हावा, असे आम्हांस वाटते.