'बँक' शब्दाची कुळकथा



शाळेंत मास्तर असतांना माझ्या हातून एक अन्याय घडला. त्यापासूनच आजच्या भाषणास प्रारंभ करतों. इंग्रजीच्या तासाला धड्यांत नदीची 'बँक' आली. मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, नदीच्या बँकेंत पैसे कोण ठेवतें?" वर्ग हंसला. मीं मात्र ती थट्टा समजून त्याला तासभर उभें केलें. पुढें निवृत्त झाल्यावर कोश चाळतांना कळून चुकलें कीं, नदीचा कांठ, पैशाची बँक आणि तो मुलगा ज्यावर बसला होता तें बांक, हीं तिन्ही एकाच कुळांतलीं आहेत!

प्राचीन जर्मानिक भाषांत उंचवटा किंवा बसण्याचा ओटा अशा अर्थाचा एक शब्द होता, असें व्युत्पत्तिकार मानतात. त्याच्या वंशजांनीं तीन वाटांनीं इंग्रजींत प्रवेश केला. पहिला घरचाच, तो 'बेंच'. दुसरा, नवव्या शतकापासून इंग्लंडांत वसती करणाऱ्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या बोलींतला. त्याचा अर्थ मातीचा उंचवटा, आणि त्यावरून नदीचा कांठ. इ. स. १२०० च्या सुमारास तो इंग्रजी लेखांत दिसूं लागतो.

तिसरा वंशज मात्र दूरचा प्रवास करून आला. जर्मानिक शब्द इटलींत जाऊन 'बांका' झाला. जेनोव्हा, व्हेनिस, फ्लॉरेन्स या व्यापारी नगरांत नाण्यांची अदलाबदल करणारे सराफ भर बाजारांत बांक मांडून बसत. लोक त्यांच्यापाशीं ठेव ठेवूं लागले, हुंड्या चालूं लागल्या आणि बांकाचें नांव धंद्यालाच चिकटलें. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजींत आला. १६९४ सालीं बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली. दिवाळखोरासाठीं इंग्रजींत असलेला 'बँकरप्ट' हा शब्दहि इटालियन 'मोडलेल्या बांका'वरून आला. बुडालेल्या सराफाचें बांक लोक खरोखरच मोडीत कीं हा केवळ अलंकार, याविषयीं मतभेद आहेत. पण अर्थ स्पष्ट आहे.

तो अर्थ मुंबईनेंहि अनुभविला आहे. १८४० सालीं येथें बँक ऑफ बाँबे निघाली. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें. तिकडचा कापूस बंद झाल्यामुळें मुंबईंत पैशाचा पूर लोटला आणि शेअरांचा सट्टा माजला. युद्ध संपतांच भाव कोसळले. बँकेनें सढळ हातानें दिलेलीं कर्जें बुडालीं आणि १८६८ सालीं ती बँक गुंडाळावी लागली. भिंती उभ्या होत्या. मोडलें होतें तें विश्वासाचें बांक.

आतां आपल्या घरांत डोकावूं. शाळेंतलें 'बांक' इंग्रजांनीं दिलेलें नव्हे. तें पोर्तुगीजांच्या 'बांकु' या शब्दावरून आलेलें, म्हणजे त्याच कुळांतलें. आणि आपली 'पेढी'? ती तर संस्कृत 'पीठिका' या शब्दापासून प्राकृतांतून आली. अर्थ पुन्हां आसन! इटलीच्या सराफाशीं सल्लामसलत न करतां आमच्या पूर्वजांनीं सावकारीला बैठकीचेंच नांव दिलें. इंग्रज न्यायाधीशांच्या आसनाला 'बेंच' म्हणतात. आम्हीहि 'खंडपीठ' म्हणतों. जो ठराविक जागीं, चारचौघांसमक्ष बसतो आणि उद्यां पुन्हां तेथेंच सांपडतो, त्याच्याच हातीं माणूस पैसा व न्याय सोंपवितो. दोन्हीकडच्या शब्दांनीं हीच गोष्ट जपून ठेवली आहे.

त्या मुलाला मीं त्या दिवशीं बांकावरून उठविलें. आज तो कोठें आहे, ठाऊक नाहीं. कदाचित् हें भाषण तो ऐकत असेल. बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता; चुकलों तो मी. आतां खालीं बैस.